पांढऱ्या गिधाडाचं काळं पोर

श्रोतेहो, नमस्कार. आज पांढऱ्या गिधाडाबद्दल बोलायचंय. पांढरं अंग, पिवळं तोंड, पंखांच्या कडा काळ्या. 2007 पासून हा पक्षी जगाच्या संकटग्रस्त यादीत आहे. त्याची मोजदाद करताना आभाळातली गिधाडं मोजून भागत नाही. घरट्यातून उडालेली पिल्लं मोजावी लागतात. पुन्हा सांगतो, उडालेली पिल्लं. कारण अंडी दोन असली तरी बऱ्याचदा पिल्लू एकच जगतं.

घटप्रभेकाठच्या एका कड्यावर मी अशाच एका जोडीवर लक्ष ठेवून होतो. कडा कुठला ते सांगणार नाही. घरट्याचा पत्ता फुटला की माणसं मोबाईल घेऊन पोचतात. मार्चमध्ये पक्षी अंड्यांवर बसलेला दिसला, वहीत नोंद केली. जूनअखेर गेलो तर कपारीत गडद तपकिरी पक्षी. मी लिहिलं, ‘घार. घरटं रिकामं.’

शेजारी धनगर मामा घोंगडं पांघरून मेंढरं राखत होते. म्हणाले, “घार न्हवं ओ सर ती. गिधाडाचंच पोर हाय. बसा की जरा.”

बसलो. पावसाची भुरभुर. दुर्बिणीची काच पुसून पुसून शर्टाचं टोक ओलं झालं. दीड तासानं एक पांढरं गिधाड कपारीत उतरलं. तपकिरी पोरानं मान खाली घालून पंख थरथरवले आणि मोठ्या गिधाडानं त्याच्यापुढं घास ओकला. “पोर काळंच असतंय,” मामा म्हणाले, “पांढरं व्हायला चार-पाच वर्सं जात्यात.” मी ‘रिकामं’ खोडलं.

मामांनी मेंढरांच्या औषधाचं विचारलं. तुम्हालाही सांगतो. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधावर 2006 पासून बंदी आहे. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. दुखण्यावर डॉक्टरांकडून मेलॉक्सिकॅम मागून घ्या. नाव लक्षात ठेवा, मेलॉक्सिकॅम.

  

असो. दहा दिवसांनी परत गेलो. कपारीत कुणी नव्हतं. मनात धस्स झालं. एवढ्यात पलीकडच्या टेकाडावरून मामांनी मला पाहिलं आणि हात उंच करून एक बोट दाखवलं. त्यांच्या डोक्यावर, बरंच वर, काळं पोर घिरट्या घालत होतं.