तीनच्या आत

(दृश्य : निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेरचा व्हरांडा. फाइली, गळ्यात उपरणी, कानाला फोन.)

तारीख ३० डिसेंबर २०२५. महाराष्ट्रातल्या २९ महापालिकांसाठी उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. व्हरांड्यात उभ्या असलेल्या बहुतेकांचे अर्ज आधीच भरून झालेत. अनामत भरली, शपथपत्र नोटरी केलं, थकबाकी नसल्याचा दाखला जोडला. तरीही कोणी घरी जात नाही. सगळे दोन कागदांची वाट बघतायत.

(दृश्य : टेबलावर ए आणि बी फॉर्म, जवळून.)

हा एबी फॉर्म. नाव एकत्र घेतलं जातं, पण कागद दोन आहेत. ए फॉर्मवर पक्ष सांगतो, की या शहरात उमेदवार ठरवण्याच्या सहीचा अधिकार आम्ही अमुक माणसाला दिला. बी फॉर्मवर तो अमुक माणूस सांगतो, की या प्रभागातल्या या जागेवर आमचा उमेदवार हा. सही शाईची लागते. झेरॉक्स चालत नाही, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालत नाही, रबरी शिक्का चालत नाही. आणि हे दोन्ही कागद अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत अधिकाऱ्याच्या हातात पडावे लागतात. पडले तर पक्षाचं चिन्ह मिळतं. नाही पडले, तर तीस वर्षं सतरंज्या उचललेला माणूससुद्धा कागदोपत्री अपक्षच.

शहरातली पक्षफूट मोजायची असेल तर भाषणं ऐकू नयेत, या कागदाचा प्रवास बघावा.

पण आधी गर्दी कुठून झाली ते पाहू. मुंबई महापालिकेची आधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मधली. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले. निवडणुका घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. म्हणजे एका निवडणुकीपासून दुसरीपर्यंत जवळपास नऊ वर्षं गेली. पाच वर्षांनी ज्यांची पाळी यायची ते थांबले, आणि त्यांच्यामागून नवी पिढी येऊन त्याच रांगेत उभी राहिली.

याच काळात पक्ष दुभंगले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगानं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडे दिला, उद्धव ठाकरे यांच्याकडे मशाल राहिली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. घड्याळ अजित पवारांकडे गेलं, शरद पवारांना तुतारी वाजवणारा माणूस मिळाला.

आमदार फुटले त्याची चर्चा देशभर झाली. नगरसेवक कसे फुटले, ते मात्र नीट सांगितलं जात नाही. पदावर असलेल्या नगरसेवकाला एकट्यानं पक्ष सोडता येत नाही. १९८६ चा अनर्हता कायदा आडवा येतो आणि पद जातं. जायचं तर दोन तृतीयांश सोबत हवेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये मनसेचे मुंबईतले सातपैकी सहा नगरसेवक एकदम शिवसेनेत गेले, त्यामागे हाच हिशेब होता. मार्च २०२२ नंतर मात्र मुंबईत सगळेच माजी. माजी नगरसेवकाला कुठला कायदा अडवणार? त्यानं सकाळी उपरणं बदललं तरी जाण्यासारखं पदच नाही. पावणेचार वर्षं हे दार सताड उघडं होतं, आणि एकेका प्रभागातून माणसं त्यातून ये-जा करत राहिली.

वरवर पाहता, दोन पक्षांचे चार झाले म्हणजे तिकिटं वाढायला हवीत. घडलं उलटंच, कारण नंतर युत्या झाल्या. मुंबईत जागा २२७. भाजप आणि शिंदे यांची शिवसेना यांचं वाटप ठरलं १३७ आणि ९०. याचा अर्थ ९० प्रभागांत कमळ नाही आणि १३७ प्रभागांत धनुष्यबाण नाही. २०१७ मध्ये हे दोन्ही पक्ष वेगळे लढले होते. शिवसेना ८४, भाजप ८२. तेव्हा कमळावर लढून थोडक्यात पडलेला कार्यकर्ता पुढची नऊ वर्षं त्याच गल्लीत पाण्याच्या लाइनी आणि ड्रेनेजची झाकणं बसवत फिरला, आणि वाटपाच्या एका ओळीत त्याचा प्रभाग मित्रपक्षाला गेला. दुसरीकडे २४ डिसेंबरला ठाकरे बंधूंची युती जाहीर झाली, आणि मशाल व मनसेचं इंजिन यांच्यातही प्रभागागणिक तोच प्रश्न उभा राहिला. २००६ पासून एकमेकांचे बॅनर फाडणारी पोरं आता एकाच गाडीवर चढायची होती.

मंत्रालयातली युती शहरात लागू होते, असंही नाही. नवी मुंबईत भाजप आणि शिंदे यांची शिवसेना समोरासमोर. नाशिकमध्ये भाजप एकीकडे, शिंदेसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी दुसरीकडे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये दोन्ही राष्ट्रवादी एकत्र, भाजपच्या विरोधात. गाव बदललं की मित्र बदलतो. कार्यकर्त्याला याचं फारसं वाईट वाटत नाही. त्याला वाईट वाटतं ते आपल्या प्रभागाचं.

(दृश्य : काचेचं भांडं, चिठ्ठ्या, आरक्षण सोडत.)

बंडाची पहिली ठिणगी अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी, आरक्षण सोडतीत पडते. मुंबईत २२७ पैकी ११४ जागा महिलांसाठी, ६१ ओबीसींसाठी, १५ अनुसूचित जाती, २ अनुसूचित जमाती. चिठ्ठी निघाली, प्रभाग महिला झाला, की तिथल्या पुरुष नगरसेवकापुढे दोन वाटा. घरातली बाई उभी करायची, किंवा शेजारच्या प्रभागात शिरायचं. शेजारी आधीच कोणीतरी असतो. एक चिठ्ठी निघते आणि दोन प्रभागांत बंड उभं राहतं.

मुंबईत निदान एका प्रभागात एकच नगरसेवक. बाकीच्या शहरांत पॅनेल. पुण्यात १६५ नगरसेवक, प्रभाग ४१. चाळीस प्रभाग चार जणांचे, एक पाच जणांचा. चार जागांना नावं अ, ब, क, ड. मतदारानं चारही जागांसाठी बटण दाबायचं, तेव्हाच मतदान पूर्ण झाल्याचा लांब बीप वाजतो.

आता या चार जागांकडे जरा नीट बघा. निम्म्या महिलांच्या. एखादी अनुसूचित जातीची, एखादी ओबीसींची. सर्वसाधारण जागा बहुधा एकच उरते, आणि ती असते ड. प्रभागातले सगळे जुने पुरुष कार्यकर्ते, माजी नगरसेवक, बिल्डर, मंडळाचे अध्यक्ष, सगळ्यांची नजर त्या एका ड वर. बंडखोरी सगळ्यात जास्त तिथेच.

आणि तिथला बंडखोर प्रचार कसा करतो? तो पक्षाला शिव्या देत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो म्हणतो, ‘अ, ब, क ला आपल्या चिन्हावरच द्या. ड चं एक मत तेवढं मला.’ तीन अधिक एक. ऐकायला निरुपद्रवी. पण पक्षाचं पॅनेल म्हणजे एक कार्यालय, एक रिक्षा, एक पत्रक, चौघांची मिळून वर्गणी. ड च्या अधिकृत उमेदवाराला संशय येतो, की उरलेले तिघे आतून बंडखोराला मिळालेत. तो आपली माणसं आखडती घेतो. खर्चाला हात देत नाही. मग अ आणि ब च्या उमेदवार, ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नाही, त्याही पाचशे-सातशे मतांनी मागे पडतात. यालाच पॅनेल फुटलं म्हणतात. समोरच्या पक्षाचे लोक फुटलेलं पॅनेल हेरतात आणि बंडखोराला रसद पोचवतात. जिंकवायला नाही, तर उभा राहावा म्हणून.

हे टाळण्यासाठी पक्षांनी एक उपाय काढला. नावं जाहीरच करायची नाहीत. शेवटच्या दिवशी फोन करायचा, एबी फॉर्म थेट हातात द्यायचा. ज्याचा पत्ता कट झाला त्याला दुसऱ्या पक्षाचा एबी फॉर्म मिळवायला वेळच उरू नये, हा डाव.

डाव उलटतो तो असा. गठ्ठ्यातून घाईत काढलेल्या बी फॉर्मवर ब ऐवजी क लिहिलं जातं. उमेदवाराचं नाव मतदार यादीतल्या नावाशी जुळत नाही. दोन नेत्यांनी आपापल्या माणसाला शब्द दिलेला असतो, म्हणून एकाच जागेसाठी दोन एबी फॉर्म बाहेर पडतात. एक रद्द करायचा तर पक्षाचं पत्रही मुदतीच्या आतच पोचायला हवं. नाशिकमध्ये ३० डिसेंबरला भाजपच्या इच्छुकांनी एबी फॉर्म नेणाऱ्या गाडीचा पाठलाग केला, थेट फार्महाऊसपर्यंत. पुण्यात एकाच पक्षाच्या दोघांना एकाच जागेचे फॉर्म गेले, आणि एकानं दुसऱ्याचा फॉर्म फाडून गिळल्याचा आरोप झाला. गिळल्याचा त्यानं इन्कार केला.

(दृश्य : ३१ डिसेंबरची रात्र. रस्त्यावर रोषणाई, एका घरासमोर उभ्या तीन गाड्या.)

३१ तारखेला छाननी. २ जानेवारीला दुपारी तीनपर्यंत माघार. मधल्या दोन रात्री मनधरणीच्या. आधी विभागातला माणूस येतो, मग आमदार, मग ‘साहेबांचा’ फोन. येणाऱ्याच्या हुद्द्यावरून बंडखोराला आपली किंमत कळते, म्हणून जाणते लोक पहिल्या फोनला उचलत नाहीत. देऊ केलं जातं ते ठरलेलं आहे. महामंडळ, परिवहन समिती, पुढच्या वेळेचा शब्द, आणि सगळ्यात लाडकं आश्वासन म्हणजे स्वीकृत नगरसेवकपद, निवडणूक न लढता मिळणारं. मुंबईत अशा जागा दहा.

माघारीचा अर्ज एका पानाचा. उमेदवारानं स्वतः द्यावा, किंवा लेखी अधिकार दिलेल्या माणसानं. एकदा दिला की परत घेता येत नाही. म्हणून काही जण २ तारखेला सकाळपासून फोन बंद ठेवून शहराबाहेर असतात आणि सव्वातीनला उगवतात. या वेळी राज्यात साठहून अधिक जागा बिनविरोध झाल्या. म्हणजे माघारीचा हा कागद किती ठिकाणी भारी पडला, ते बघा.

तीननंतर कोणी ‘पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा’ जाहीर केला, तरी नाव यंत्रावर राहतंच. चिन्हं वाटली गेली ३ जानेवारीला, प्रचार थांबला १३ ला. कपबशी किंवा शिलाई मशीन घराघरांत पोचवायला अपक्षाला दहा दिवस. मुंबईत खर्चाची मर्यादा १५ लाख. पक्ष त्याला सहा वर्षांसाठी काढून टाकतो. निवडून आला तर ती सहा वर्षं फार लवकर सरतात.

आणि त्याला मतं किती लागतात? मुंबईत मतदार एक कोटी तीन लाखांवर, म्हणजे प्रभागाला सरासरी साडेपंचेचाळीस हजार. मतदान झालं सुमारे ५३ टक्के. चोवीस हजार मतांची लढत, तीही तीन-चार ठिकाणी वाटलेली. त्यात बंडखोरानं दोन हजार घेतली तरी तो स्वतः पडतो आणि दुसऱ्याला घेऊन पडतो.

(दृश्य : २०१७ च्या मतमोजणीची छायाचित्रं.)

२०१७ मध्ये दक्षिण मुंबईतल्या प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना सारखीच मतं पडली. प्रत्येकी ५,९४६. फेरमोजणी झाली, आकडा तोच. शेवटी चिठ्ठी काढली. निघाली अतुल शहांची, आणि मुंबईत भाजपचे ८२ झाले.