काउंटी जेलमधला आपला माणूस

श्रोतेहो, नमस्कार. मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा दिवाळीच्या फराळाला आपण ज्याबद्दल चकार शब्द काढत नाही, असा विषय मी आज मुद्दाम घेतला आहे. अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या मराठी घरातल्या माणसाला अटक झाली आणि त्याची रवानगी काउंटी जेलमध्ये झाली, तर बाहेर असलेल्या आपण त्याच्याशी संबंध कसा टिकवायचा आणि त्याच्या पाठीशी कसे उभे राहायचे, हा तो विषय. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा असो, नवराबायकोचे भांडण विकोपाला गेल्यावर शेजाऱ्याने पोलिसांना केलेला फोन असो, किंवा दुकानातील चोरीचा आळ असो, अशी वेळ शिकल्यासवरल्या घरावरही येते. आणि ती आली की घरातली माणसे बहुतेक वेळा पहिले काम करतात ते गोष्ट झाकण्याचे. त्यात नेमके ते पहिले दिवस वाया जातात, ज्या दिवसांत आत असलेल्याला बाहेरच्या माणसाची सर्वांत जास्त गरज असते.

काउंटी जेल, म्हणजे राज्यातल्या एका काउंटीचे किंवा आपल्या भाषेत जिल्ह्याचे जेल, हे राज्याच्या किंवा केंद्राच्या तुरुंगापेक्षा वेगळे असते. बहुतेक राज्यांत ते त्या काउंटीच्या शेरीफच्या ताब्यात असते आणि शेरीफ हा लोकांनी निवडून दिलेला अधिकारी असतो. तेथे साधारणपणे एक वर्षापर्यंतची शिक्षा भोगणारे लोक असतात. परंतु देशभरातील अशा जेलांचा विचार केला तर आत असलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांवरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नसतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोष असतात आणि खटल्याची किंवा जामिनाची वाट पाहत असतात. घरच्यांनी ही गोष्ट स्वतःला पुन्हा पुन्हा बजावली पाहिजे, कारण अटक झाली म्हणजे दोषी ठरला, असे मनात एकदा बसले की फोन उचलायलाही हात पुढे होत नाही.

प्रत्येक काउंटीचे नियम निराळे असतात. दुसऱ्या शहरातल्या मित्राचा अनुभव तुमच्या कामी येईलच असे नाही. म्हणून सुरुवात शेरीफच्या संकेतस्थळापासून करावी. तेथे नाव आणि जन्मतारीख घालून माणूस कोठे आहे ते बहुधा कळते आणि त्याचा बुकिंग नंबर, म्हणजे अटकेच्या नोंदीचा क्रमांक, मिळतो. तो नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पैसे भरायचे असोत, भेट ठरवायची असो की पत्र पाठवायचे असो, त्याच्याशिवाय पुढचे काहीच होत नाही. आपली आडनावे आणि वडिलांचे मधले नाव तेथे कसेही नोंदवले जाते, त्यामुळे नाव सापडले नाही तर दोनतीन प्रकारांनी लिहून पाहावे.

आता फोनबद्दल थोडे सविस्तर सांगते. तुम्ही जेलमध्ये फोन करून आपल्या माणसाशी बोलू शकत नाही. फोन त्यालाच करावा लागतो. तुमच्या मोबाइलवर अनोळखी नंबर दिसतो, उचलला की यंत्राचा आवाज येतो, अमुक काउंटी जेलमधील कैद्याचा फोन आहे असे तो सांगतो, मधल्या मोकळ्या जागेत आपल्या माणसाने घाईघाईने उच्चारलेले स्वतःचे नाव ऐकू येते, आणि मग फोन स्वीकारण्यासाठी एक आकडा दाबायला सांगितले जाते. फसवणुकीच्या फोनांना कंटाळलेले आपण पहिल्या दोन शब्दांतच फोन तोडून टाकतो. आत असलेला माणूस मात्र रांगेत उभा राहून, पाठ असलेल्या एकदोन नंबरांपैकी एक लावून बसलेला असतो, कारण त्याचा मोबाइल जमा झालेला असतो आणि बाकीचे सगळे नंबर त्या मोबाइलमध्येच असतात. तेव्हा अशा काळात अनोळखी नंबर उचला आणि यंत्राचे बोलणे शेवटपर्यंत ऐका. याउलट, कोणी वकील किंवा पोलीस असल्याचे सांगून जामिनासाठी ताबडतोब गिफ्ट कार्ड किंवा रोख रक्कम मागत असेल, तर ती फसवणूकच समजा आणि जेलच्या अधिकृत नंबरावर स्वतः फोन करून खात्री करा.

वकिलाशी होणारे बोलणे सोडले तर जेलमधला प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित होतो आणि सरकारी वकील तो न्यायालयात पुरावा म्हणून वापरू शकतात. आपण मराठीत बोलतो, ते यांना काय कळणार, हा समज अतिशय घातक आहे. ध्वनिमुद्रण राहते आणि भाषांतरकार कधीही मिळतो. त्यामुळे त्या रात्री काय घडले, कोण काय म्हणाले, चूक कोणाची, यातले काहीही फोनवर बोलू नका, विचारू नका, आणि तो सांगू लागला तर त्याला प्रेमाने थांबवा. दुसरी गोष्ट म्हणजे चालू फोनमध्ये भारतातल्या आईवडिलांना जोडून घेण्याचा मोह टाळा. असा तिसरा माणूस जोडणे बहुतेक जेलांत नियमाविरुद्ध असते. फोन तुटतो आणि कधीकधी त्याची फोनची सवलतही जाते.

मग बोलायचे काय, असे तुम्ही विचाराल. मुलाने शाळेत काय केले, आईचा गुडघा कसा आहे, अपार्टमेंटचे भाडे भरले, गाडी टो झाली होती ती सोडवून आणली, ऑफिसला कोणी कळवले, सामना कोण जिंकला, हे बोलावे. बाहेरचा संसार चालू आहे आणि त्यात त्याची जागा शाबूत आहे, हे त्याला अशा बारीकसारीक तपशिलांतूनच पटते. फोनची वेळ ठरवून घ्या आणि ती पाळा. रोज बोलता आले नाही तरी चालेल, पण ठरलेली वेळ चुकली तर आतल्या माणसाचा तो सबंध दिवस काळजीत जातो.

या फोनांचा खर्च हा मोठा अन्याय होता आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही आहे. वॉशिंग्टनमधील मार्था राइट नावाच्या आजीबाई तुरुंगात असलेल्या नातवाशी बोलता यावे म्हणून भरमसाट दरांविरुद्ध वर्षानुवर्षे लढल्या. त्यांच्या नावाचा कायदा जानेवारी २०२३ मध्ये झाला आणि केंद्रीय दळणवळण आयोगाला राज्यांतर्गत फोनांचे दरही नियंत्रित करण्याचा अधिकार मिळाला. न्यू यॉर्क शहराने २०१९ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोने २०२० मध्ये जेलचे फोन मोफत केले आणि मॅसॅच्युसेट्समध्ये डिसेंबर २०२३ पासून काउंटी जेलांसह सर्वत्र ते मोफत झाले. इतर अनेक ठिकाणी खासगी कंपनीकडे खाते उघडून आगाऊ पैसे भरावे लागतात आणि भरण्याचेही शुल्क लागते, म्हणून शुल्काचा तक्ता आधी पाहून मगच रक्कम ठरवावी.

पत्रांचे नियमही तपासून घ्या. काही जेलांत फक्त पोस्टकार्ड चालते, काही ठिकाणी पत्र स्कॅन करून त्याची प्रतच कैद्याला दाखवतात, आणि पुस्तक बहुधा प्रकाशकाकडून किंवा विक्रेत्याकडून थेट यावे लागते. भेट पुष्कळ ठिकाणी काचेआडून किंवा व्हिडिओवर होते. ती आधी नोंदवावी लागते, फोटो असलेले ओळखपत्र लागते आणि कपड्यांबाबतचे नियम कडक असतात. भेटीला जाणाऱ्याचा स्वतःचा व्हिसा संपलेला असेल, तर त्याने आधी वकिलाला विचारल्याशिवाय जेलची पायरी चढू नये.

कॅन्टीनच्या खात्यात थोडे पैसे असणे फार उपयोगी पडते. साबण, टूथपेस्ट, पाकिटातल्या शेवया, पोस्टाची पाकिटे अशा वस्तू त्यातून घेता येतात. शाकाहारी माणसाने जेवणाबद्दलचा अर्ज आत गेल्याबरोबर लेखी द्यावा, हे त्याला पहिल्याच फोनवर सांगा, नाहीतर तो संकोचाने उपाशी राहतो.

औषधांच्या बाबतीत मात्र तुम्हीच हालचाल केली पाहिजे. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, थायरॉइड किंवा मानसिक आजाराची औषधे चालू असतील, तर जेलच्या वैद्यकीय विभागाला त्याच दिवशी फोन करून औषधाचे नाव, मात्रा आणि डॉक्टरांचा नंबर द्या. गोपनीयतेच्या नियमामुळे ते तुम्हाला माहिती देणार नाहीत, पण तुमच्याकडून घेऊ शकतात. शिक्षा झालेल्या कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे घटनाबाह्य असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच ठरवले आहे आणि खटल्याची वाट पाहणाऱ्यालाही उपचारांचे घटनात्मक संरक्षण आहे. आणखी एक गोष्ट जड मनाने, पण स्पष्टपणे सांगायला हवी: या देशातील स्थानिक जेलांमध्ये होणाऱ्या मृत्यूंचे सर्वांत मोठे एकच कारण अनेक वर्षे आत्महत्या हे राहिले आहे आणि सुरुवातीचे दिवस विशेष धोक्याचे असतात. ज्याने आयुष्यात पोलीस ठाणे पाहिलेले नाही, ज्याला नोकरी, व्हिसा आणि अब्रू एका रात्रीत गेल्यासारखी वाटते, तो फोनवर निरवानिरवीची भाषा बोलू लागला, तर त्याची समजूत घालून थांबू नका. फोन संपताच जेलला फोन करा, पाळीवरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला मागून घ्या आणि त्याचे शब्द जसेच्या तसे सांगा.

वकिलाची व्यवस्था हा आधाराचाच भाग आहे. वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने तो मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या निकालाने आधी गंभीर गुन्ह्यांसाठी दिला आणि १९७२ मध्ये तो प्रत्यक्ष कैदेची शिक्षा होणाऱ्या लहान गुन्ह्यांनाही लागू झाला. आपल्यासाठी त्याच न्यायालयाचा २०१० चा निकालही तितकाच महत्त्वाचा आहे: गुन्हा कबूल केल्यास देशाबाहेर काढले जाण्याचा धोका आहे का, हे बचावाच्या वकिलाने परदेशी अशिलाला सांगितलेच पाहिजे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. म्हणून एकदाचे कबूल करून मोकळा हो, असा सल्ला कोणीही, अगदी मोठ्या काकांनीही, देऊ नये. जामीन भरण्यापूर्वी सुटका होताच त्याला आपल्या ताब्यात द्यावे असे इमिग्रेशन खात्याने जेलला कळवले आहे का, हेही इमिग्रेशनच्या वकिलाकडून समजून घ्या. नाहीतर जामीन होतो आणि माणूस घरी येण्याऐवजी दुसऱ्या कोठडीत जातो. जामीन देणाऱ्या एजंटाला साधारणपणे रकमेच्या १० टक्के द्यावे लागतात आणि ते परत मिळत नाहीत. इलिनॉयने तर सप्टेंबर २०२३ पासून रोख जामिनाची पद्धतच बंद केली आहे.

भारतीय नागरिकाला आपल्या वाणिज्य दूतावासाला कळवून घेण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने आहे. मात्र ज्या देशांच्या नागरिकांबाबत अमेरिकी पोलिसांनी न विचारताही कळवावे लागते, त्या यादीत भारत नाही. त्यामुळे मला दूतावासाला कळवायचे आहे, असे आतल्या माणसाने स्वतः म्हटले पाहिजे, आणि बाहेरून तुम्हीही दूतावासाला फोन केला पाहिजे.

भारतातल्या आईवडिलांना काय सांगायचे, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. तो ट्रेनिंगला गेला आहे, असे सांगण्याची रीत मला पटत नाही. दोन आठवडे फोन आला नाही की आईला कळतेच, आणि मग तिला मुलाच्या अटकेइतकेच आपण तिला फसवले याचे दुःख होते. घरातल्या एका माणसाने दुवा व्हावे, आईवडिलांचा निरोप कागदावर लिहून घ्यावा, तो फोनवर वाचून दाखवावा आणि त्याचे उत्तर त्याच दिवशी तिकडे पोचवावे.

सुटका पुष्कळदा रात्री अपरात्री होते. तेव्हा मोबाइलची बॅटरी संपलेली असते आणि अंगावर अटकेच्या दिवशीचेच कपडे असतात. गाडी घेऊन कोणीतरी हजर राहा, चार्जर आणि ऋतूप्रमाणे गरम कपडे सोबत न्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या कागदांवरची न्यायालयाची पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, कारण ती चुकली तर नव्याने वॉरंट निघते. आणि त्या तारखेला त्याच्याबरोबर तुम्हीही न्यायालयात जा.