फवारणीच्या आधीचं गवत

नमस्कार श्रोतेहो. गव्हात माजणाऱ्या एका तणाबद्दल आज बोलायचंय, रायग्रासबद्दल. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात याच्या एका जातीने, लोलियम रिजिडमने, शेतकऱ्यांना अगदी जेरीस आणलंय. मूळचं भूमध्य समुद्राकाठचं हे गवत. मेंढ्यांना चारा म्हणून तिकडे मुद्दाम पेरलं, आणि कुरणांच्या जागी गहू आला तरी ते हटलं नाही. ओंबी जवळून बघा. गव्हाचे दाण्यांचे झुबके दांड्याला पसरट बाजूने चिकटतात, याचे कडेने. कडेने, एवढं लक्षात ठेवा.

हे गवत कधी, कुठवर पोचलं, ते हर्बेरियमच्या कपाटांत कळतं. दाबून वाळवलेलं रोप कागदावर डकवलेलं, आणि कोपऱ्यात चिठ्ठी: ठिकाण, तारीख, कोणी गोळा केलं. चिठ्ठी गेली की उरतो नुसता पाला. मात्र नकाशावर जागा कोरी दिसली म्हणून तिथे गवत नव्हतं असं समजू नका. ऑर्किडसाठी डोंगर चढणारे लोक तण ओलांडून पुढे जातात. मला ही खोड मुळीच आवडत नाही.

आता जी गोष्ट सांगायला मी केव्हाचा आतुर आहे, ती ऐका. तणनाशक मारूनही न मरणारं रायग्रास दक्षिण ऑस्ट्रेलियात सापडल्याची नोंद १९८२ सालची. मग प्रश्न आला, हा चिवटपणा फवारणीनंतर जन्मला, की आधीपासूनच गवतात होता? फ्रान्समधल्या संशोधकांनी गव्हातलंच दुसरं तण घेतलं, ब्लॅकग्रास. १७८८ ते १९७५ या काळातले हर्बेरियममधले ७३४ नमुने तपासायला घेतले. म्हणजे सगळे, गवताला स्निग्ध पदार्थ तयार करू न देणाऱ्या गटातली तणनाशकं बाजारात येण्याआधीचे! ६८५ नमुन्यांतून कामाचा डीएनए मिळाला. शोधायचा होता एकच बदल. गवताला स्निग्ध पदार्थ तयार करायला जे विकर लागतं, त्याच्या १७८१व्या जागेवरचा. तिथे आयसोल्यूसिन या अमिनो आम्लाऐवजी ल्यूसिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं की औषध लागू पडत नाही.

आणि एका नमुन्यात तो बदल सापडला. ६८५ पैकी फक्त एकात. चिठ्ठीवर साल होतं १८८८! पुन्हा सांगतो, १८८८. ते औषध यायला अजून जवळजवळ नव्वद वर्षं होती. आईबापांपैकी एकाकडूनच तो बदल त्या रोपाला मिळाला होता. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. औषधाने गवत बदललं असं आपण सहज म्हणून जातो. इथे औषधाने काय केलं? बाकीची रोपं मारली आणि आधीपासून असलेल्या एखाददुसऱ्या चिवट रोपाला रान मोकळं करून दिलं. हाच १७८१चा बदल रायग्रासमध्येही सापडलाय.

आणि २०२४ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने सव्वाआठ लाख नमुन्यांचं हर्बेरियम बंद करायचं जाहीर केलं! मला ते अजिबात पटलेलं नाही. १८८८ची ती चिठ्ठी लिहिणाऱ्याला तरी कुठे ठाऊक होतं, पुढे कोण काय शोधणार?

तुमच्यापैकी कोणी नमुने गोळा करत असेल, तर रायग्रास बांधावरून नको, शेताच्या मधून घ्या. ओंबीसकट घ्या. आणि चिठ्ठीवर तारखेच्या खाली पीक कोणतं होतं, फवारणी झाली होती का आणि कशाची, तेही लिहा.