खापराला भाषा नसते: इंडो-युरोपीय मूळभूमीचा शोध आणि त्यावरचा वाद

नमस्कार. आजचा विषय बैलगाडीच्या तीन भागांपासून सुरू करू या: चाक, आस आणि जू. चाक हा शब्द संस्कृत 'चक्र'वरून आला, आस 'अक्ष'वरून आणि जू 'युग'वरून. ग्रीक भाषेत चाकाला 'कुक्लॉस' म्हणत. लॅटिनमध्ये आसाला 'आक्सिस' आणि जोखडाला 'युगुम' असे शब्द होते, आणि इंग्रजीतले व्हील, ॲक्सल आणि योक हेही याच तीन मुळांतून निघाले आहेत. हे साम्य योगायोगाचे नाही, कारण या शब्दांतले ध्वनी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना ठरावीक नियमांनीच बदललेले दिसतात. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा आज कदाचित अस्तित्वात नसलेल्या एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असे सांगितले. त्या लुप्त भाषेला आज आपण आद्य-इंडो-युरोपीय म्हणतो.

तिचा एकही शिलालेख नाही, आणि पुरातत्त्वज्ञांची खरी अडचण इथेच आहे. उत्खननात खापरे, हाडे, राख, थडगी आणि धान्याचे जळके दाणे मिळतात. ते खापर घडवणारा कुंभार घरी कोणती भाषा बोलत होता, हे खापर सांगत नाही. तरीही गेली शंभरहून अधिक वर्षे पुरातत्त्वज्ञ याच प्रश्नाभोवती वाद घालत आहेत, आणि त्या वादात काही थोर अभ्यासक चुकले आहेत, तर काहींनी आपली चूक जाहीरपणे मान्यही केली आहे.

[पडद्यावर: उत्तर युरोपचा नकाशा]

पहिली मोठी चूक गुस्टाफ कोसिना या जर्मन अभ्यासकाची. १९११ मध्ये त्यांनी असा सिद्धांत मांडला की, ज्या प्रदेशात एकाच प्रकारची भांडी, हत्यारे आणि दागिने सापडतात, तो प्रदेश एकाच लोकसमूहाचा मानावा. ही पद्धत मागे मागे नेत त्यांनी इंडो-युरोपीयांचे मूळ घर उत्तर जर्मनीच्या परिसरात नेऊन ठेवले. कोसिना १९३१ मध्ये वारले, पण त्यांचा सिद्धांत नाझींच्या हाती पडला आणि जिथे जिथे 'जर्मन' खापर मिळाले ती भूमी आमची, या दाव्याला त्यातून शास्त्राचा मुलामा चढला. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनीही १९२६ मध्ये 'द आर्यन्स' हे पुस्तक लिहिले होते आणि दक्षिण रशियाच्या गवताळ प्रदेशाकडे बोट दाखवले होते, परंतु पुढे त्यांनी स्वतःला या पुस्तकापासून दूरच ठेवले.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपातले पुरातत्त्व या विषयापासून पोळल्यासारखे बाजूला झाले. भांडी म्हणजे माणसे नव्हेत, हे वाक्य एका पिढीने मनावर कोरून घेतले. भांड्यांची शैली बदलली तर व्यापार, अनुकरण, सामाजिक बदल अशी स्थानिक कारणे आधी शोधावीत आणि स्थलांतराचा विचार अगदी शेवटी करावा, असा दंडकच पडला. ही सावधगिरी समजण्यासारखी होती. माझ्या मते मात्र पुढे तिचीही एक सवय झाली, आणि माणसे खरोखर हलली असतील तर ते ओळखायचे कसे, या प्रश्नाची साधनेच मागे पडली.

या वातावरणात मारिया गिंबुटास यांनी प्रवाहाविरुद्ध पोहायचे ठरवले. १९२१ मध्ये लिथुआनियात जन्मलेल्या आणि युद्धात देश सोडून अमेरिकेत आलेल्या या विदुषींना पूर्व युरोपातील भाषांत लिहिलेले उत्खनन-अहवाल थेट वाचता येत होते, जे त्यांच्या बहुतेक पाश्चात्त्य सहकाऱ्यांच्या आवाक्याबाहेर होते. काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात मातीचे उंच ढीग रचून त्याखाली मृताला पुरण्याची प्रथा होती, आणि अशा ढिगाऱ्याला कुर्गान म्हणतात. १९५६ मध्ये गिंबुटास यांनी मांडले की, हे कुर्गान रचणारे पशुपालक हेच आद्य-इंडो-युरोपीय भाषक असून ते लाटालाटांनी युरोपात शिरले. या परंपरेतली यामनाया संस्कृती साधारण इ.स.पू. ३३०० नंतरची आहे, आणि तिच्या काही थडग्यांत मृतासोबत लाकडी गाडीही ठेवलेली आढळते. गिंबुटास यांनी आधीच्या युरोपचे जे चित्र रंगवले, म्हणजे शांत, देवीपूजक आणि स्त्रीकेंद्री समाज घोडेस्वार योद्ध्यांनी चिरडला, ते मात्र पुराव्याच्या बरेच पुढे गेलेले होते. त्यामुळे अनेकांनी त्या चित्राबरोबर मूळ सिद्धांतही नाकारला.

१९८७ मध्ये कॉलिन रेन्फ्रू यांनी सगळा पटच उलटा मांडला. केंब्रिजच्या या पुरातत्त्वज्ञांचे म्हणणे असे की, एवढा मोठा भाषाविस्तार घडायला तेवढेच मोठे कारण हवे, आणि युरोपच्या प्रागैतिहासात असे कारण एकच दिसते, ते म्हणजे शेती. इ.स.पू. ७००० च्या सुमारास ॲनाटोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, शेतकरी ग्रीसमध्ये आले. मग पिढ्यानपिढ्या नवी जमीन नांगराखाली आणत ते पुढे सरकत गेले आणि त्यांची भाषाही त्यांच्यासोबत पसरली. यात स्वारी नाही, संहार नाही आणि श्रेष्ठ वंशाची कल्पनाही नाही. कोसिनाच्या छायेत वाढलेल्या पिढीला हा सिद्धांत का भावला असेल, हे सहज समजते.

आता आपली बैलगाडी पुन्हा रस्त्यावर आणू या, कारण या वादातला सर्वांत धारदार मुद्दा तीच ओढून आणते. चाकाचे पुरातत्त्वीय पुरावे इ.स.पू. ३५०० च्या आसपासपासून मिळू लागतात. पोलंडमधील ब्रोनोचित्से येथे त्या सुमाराचे एक मडके मिळाले असून त्यावर चार चाकी गाडीसारखी आकृती कोरलेली आहे. मूळ भाषा इ.स.पू. ७००० मध्येच फुटून तिच्या शाखा वेगळ्या झाल्या असतील, तर साडेतीन हजार वर्षांनी जन्मलेल्या वस्तूला त्या सर्व शाखांनी एकाच मुळाचे, आणि तेही नियमित ध्वनिबदलांतून गेलेले, शब्द कसे दिले? डेव्हिड अँथनी यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी याच शब्दांवर गवताळ प्रदेशाचा पक्ष उभा केला. रेन्फ्रू यांच्या बाजूने उत्तर असे दिले गेले की 'फिरणे' या अर्थाचे धातू आधीपासून होते आणि त्यांवरून प्रत्येक शाखेने स्वतंत्रपणे शब्द घडवले, किंवा ते एकमेकींकडून उचलले. एका शब्दापुरते हे पटू शकते. चाक, आस आणि जू या तिन्हींसाठी ते ताणावे लागते.

[पडद्यावर: इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा युरोप]

२०१५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्राचीन हाडांतल्या डीएनएवरचे दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. जर्मनीतल्या दोरखंडी-ठशांच्या मृद्भांड्यांच्या संस्कृतीतील माणसांचा सुमारे तीन-चतुर्थांश वंशवारसा यामनायासारख्या गवताळ प्रदेशी लोकांकडून आलेला आहे, असे त्यांत निघाले. इतके मोठे स्थलांतर नाकारणे यानंतर अशक्य झाले. पण रेन्फ्रू यांचे शेतकरीही काल्पनिक ठरले नाहीत: युरोपचे पहिले शेतकरी खरोखरच ॲनाटोलियातून आले होते, हेही प्राचीन डीएनएनेच सिद्ध केले. म्हणजे दोन्ही स्थलांतरे घडली होती, आणि वाद उरला तो भाषा कोणाबरोबर आली एवढ्यापुरता. २०१७ मध्ये शिकागोत गिंबुटास यांच्या स्मरणार्थ झालेल्या व्याख्यानात रेन्फ्रू यांनी, गिंबुटास यांचा कुर्गान सिद्धांत डीएनएने उत्तम रीतीने खरा ठरवला आहे, असे सांगितले. तीस वर्षे ज्या मताविरुद्ध लिहिले, त्याच मताला त्या मताच्या विदुषीच्या नावाने भरलेल्या सभेत मान्यता द्यायला मोठे मन लागते, आणि या सबंध वादातला हा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

तरी पुरातत्त्वज्ञ स्वस्थ बसले नाहीत, आणि ते योग्यच होते. यामनाया संस्कृतीवर स्वतः काम करणारे फोल्कर हाइड यांनी २०१७ मध्ये 'कोसिनाचे हसू' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक लेख लिहून जुन्या चुकीची आठवण करून दिली. स्थलांतर झाले हे त्यांना मान्य होते. त्यांचा आक्षेप असा होता की, संपूर्ण संस्कृतीला एकच जनसमूह समजून नकाशावर एक जाड बाण ओढला की आपण पुन्हा १९११ मध्येच जाऊन पोहोचतो. या आक्षेपाला बळ देणारे उत्तम उदाहरण स्पेनच्या उत्तर भागात आहे. गवताळ प्रदेशाचा वंशवारसा कांस्ययुगात आयबेरियातही, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालमध्येही, पोहोचला आणि तिथल्या पुरुषांच्या वंशरेषा इ.स.पू. २००० पर्यंत जवळजवळ पूर्णपणे बदलल्या. आजच्या बास्क लोकांतही तो वारसा आहे, पण बास्क भाषा इंडो-युरोपीय नाही. जनुके आली म्हणून भाषा आलीच, असे म्हणता येत नाही.

घोड्याच्या बाबतीतही जुने चित्र बदलले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन घोड्यांच्या जनुकीय अभ्यासातून असे दिसले की, आजच्या पाळीव घोड्यांचा वंश व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यांतला असून तो दूरवर पसरला तो इ.स.पू. २००० च्या सुमारास, म्हणजे यामनायाच्या युरोपातील विस्तारानंतर बऱ्याच काळाने. त्या पहिल्या विस्तारात धावत्या घोड्यांपेक्षा बैलांनी ओढलेल्या संथ गाड्यांचाच वाटा मोठा असावा. आऱ्यांची चाके असलेले हलके रथ उरल पर्वताच्या दक्षिणेला सिंताश्ता संस्कृतीत, इ.स.पू. २००० च्या आगेमागे दिसतात.

ॲनाटोलियाचे कोडे मात्र अजून पुरते सुटलेले नाही. बेद्रिख ह्रोझ्नी यांनी १९१५ मध्ये प्राचीन ॲनाटोलियातली हित्ती भाषा इंडो-युरोपीय असल्याचे दाखवले, आणि ती या कुळातून सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा मानली जाते. पण कांस्ययुगीन ॲनाटोलियातल्या सांगाड्यांत यामनायाचा वंशवारसा जवळजवळ आढळत नाही. २०२५ मधल्या एका अभ्यासाने यावर कॉकेशस आणि खालच्या व्होल्गाच्या दरम्यानच्या, यामनायाहूनही आधीच्या लोकसमूहाचे नाव पुढे केले आहे. त्याची एक शाखा यामनायात मिसळली आणि दुसरी ॲनाटोलियाकडे गेली, असे त्याचे म्हणणे. हित्ती राजधानीच्या दफ्तरात उत्तर सिरियातल्या मितान्नी राज्याशी झालेल्या तहाची पाटी मिळाली, जिच्यावर मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षी ठेवले आहे. तिथेच मितान्नीच्या किक्कुली या अश्वशिक्षकाचा घोडे शिकवण्यावरचा ग्रंथही मिळाला. त्यात 'ऐक', 'पंझ', 'सत्त' असे संख्याशब्द आहेत, आणि मराठी माणसाला त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही.

आपल्याकडे हा वाद निव्वळ भूतकाळाचा कधीच नव्हता. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आर्यांच्या आक्रमणाकडे जातिवर्चस्वाचे मूळ म्हणून पाहिले, टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचे आदिस्थान उत्तर ध्रुवाजवळ नेले, तर डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये आर्यवंशाची कल्पनाच फेटाळली. त्या सुमारास पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये मोहेंजोदडोच्या सांगाड्यांवरून इंद्राला, म्हणजे आक्रमक आर्यांना, कत्तलीबद्दल आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. १९६४ मध्ये पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी तो खटला मोडीत काढला: सांगाडे वेगवेगळ्या थरांतले होते आणि कत्तलीचा पुरावा त्यांतून उभा राहत नव्हता.

२०१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या राखीगढीतील हडप्पाकालीन स्त्रीचा जनुकसंच प्रसिद्ध केला. तिच्यात गवताळ प्रदेशाचा वारसा नव्हता. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या ५२३ प्राचीन व्यक्तींच्या अभ्यासाने हा वारसा दक्षिण आशियात इ.स.पू. २००० ते १५०० या काळात आल्याचे मांडले. वर्तमानपत्रांत हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी म्हणून गाजले, पण तसे ते नाहीत. ती स्त्री त्या काळाच्या आधीची आहे, म्हणून तो वारसा तिच्यात नसणे हेच अपेक्षित होते. अडचण वेगळी आहे: आजच्या पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातल्या नंतरच्या थडग्यांत हा वारसा स्पष्ट दिसतो, पण पंजाबात किंवा गंगेच्या मैदानात कुर्गान नाहीत आणि गवताळ प्रदेशाची भांडीही नाहीत. जे लोक आले त्यांनी मातीत जवळजवळ काहीच ओळखू येण्याजोगे ठेवले नाही, आणि हाडांतला डीएनए इथल्या उष्णतेत टिकत नाही. राखीगढीच्या दफनभूमीतून ६१ नमुने तपासले गेले, आणि त्यांपैकी फक्त एकाच नमुन्यातून वाचता येईल इतका डीएनए निघाला.