छत कोणाचे आणि दिवस कोणाचा

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि उपस्थित रसिकहो,

परदेशातील मराठी मंडळांना चर्चचे सभागृह नवीन नाही. स्वतःची वास्तू नसलेल्या मंडळाने गणेशोत्सवासाठी किंवा दिवाळीच्या कार्यक्रमासाठी ते भाड्याने घ्यावे, रात्री खुर्च्या जागच्या जागी लावाव्यात आणि किल्ली परत करावी, हा क्रम आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. आज मी ज्या व्यवस्थेविषयी बोलणार आहे ती याहून पुष्कळ अवघड आहे. अमेरिकेत काही ठिकाणी ज्यू आणि ख्रिस्ती समाज प्रत्यक्ष उपासनेची जागाच वाटून घेतात. अशी व्यवस्था सद्भावनेने सुरू होत असली, तरी तिचा टिकाव वास्तूची जबाबदारी कोण आणि किती उचलतो यावर अवलंबून असतो, असे माझे मत आहे.

न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या अप्पर वेस्ट साइड भागात, पश्चिम ८८व्या रस्त्यावर ब्नाई जेशुरुन हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे. तेथील उपासकांची मंडळी १८२५ साली संघटित झाली, म्हणजे शहरातील जुन्या ज्यू मंडळींपैकी ती एक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला उतरती कळा लागली होती. १९८५ साली ज्यू धर्मगुरू, रब्बी मार्शल मायर अर्जेंटिनाहून येथे आले. ते जन्माने अमेरिकन, परंतु अर्जेंटिनातील लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्यांच्या आणि तुरुंगात डांबलेल्यांच्या बाजूने उघडपणे उभे राहिल्यामुळे त्यांचे नाव झाले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली सिनेगॉग पुन्हा भरू लागले आणि नेमक्या त्याच सुमारास, १९९१ साली, त्याचे छत कोसळले.

तेथून दोनच रस्ते दक्षिणेला सेंट पॉल अँड सेंट अँड्रू हे मेथडिस्ट चर्च आहे. त्याची अडचण उलट होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली वास्तू भव्य होती, पण सभासद घटले होते आणि देखभालीचा खर्च मात्र वाढत चालला होता. जागेचा पुनर्विकास करून पैसा उभारण्याचा चर्चचा विचार होता. १९८१ साली शहराने ती वास्तू संरक्षित ठरवली. चर्चला हे मान्य नव्हते आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एकाकडे माणसे होती आणि जागा नव्हती, दुसऱ्याकडे जागा होती आणि माणसे नव्हती. चर्चने दार उघडले यात औदार्य निश्चित होते. तरीही दोघांनाही एकमेकांची गरज होती, हे सांगितल्याने त्या औदार्याला कमीपणा येतो असे मला वाटत नाही. चर्चच्या दर्शनी भागावर बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या १३३व्या स्तोत्रातील, भावंडांनी ऐक्याने राहणे किती चांगले, या आशयाचा फलक लागला. पुढे सिनेगॉगची दुरुस्ती झाली, तरी उपासकांची संख्या इतकी वाढली होती की मोठ्या प्रार्थनांसाठी चर्चमधील जागा वापरणे चालूच राहिले.

वरवर पाहता वेळापत्रक सोपे दिसते. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारी रात्री संपतो आणि ख्रिस्ती उपासना रविवारी असते. खरा पेच सणांचा आहे. ज्यू पंचांग आपल्यासारखेच चांद्र-सौर असून एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरते, त्यामुळे त्यांचे सण इंग्रजी तारखांच्या मानाने मागेपुढे सरकतात. नाताळची तारीख ठरलेली असली तरी वार बदलतो. २०२१ साली २४ डिसेंबर शुक्रवारी आला, म्हणजे नाताळची पूर्वसंध्या आणि शब्बाथचा आरंभ एकाच संध्याकाळी. २०२२ साली १५ एप्रिलला गुड फ्रायडे होता आणि त्याच दिवशी सूर्यास्ताला वल्हांडण हा ज्यूंचा सण सुरू झाला. या सणाच्या काळात खमीर घातलेला पदार्थ घरात ठेवायचा नसतो. उलट अनेक चर्चमध्ये प्रभुभोजनासाठी खमिराची भाकरी वापरतात, आणि त्या वर्षीचा ईस्टर वल्हांडणाच्या आठवड्यातच होता. सामाईक स्वयंपाकघर असेल, तर हा प्रश्न तत्त्वचर्चेने सुटत नाही. कोणते कपाट कोणाचे, हे आधी लिहून ठेवावे लागते.

याहून नाजूक प्रश्न क्रूसाचा आणि वाचनाचा. क्रूस असलेल्या गाभाऱ्यात प्रार्थना करणे परंपरानिष्ठ ज्यूंना मान्य होत नाही, म्हणून अशी भागीदारी बहुधा उदारमतवादी मंडळींतच आढळते. गुड फ्रायडेला योहानाच्या शुभवर्तमानातील जो भाग वाचला जातो, त्यात येशूच्या मृत्यूचा दोष ‘यहूद्यां’वर, म्हणजे ज्यूंवर, येतो, आणि त्या वाचनामागे शतकांचा छळ उभा आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हा सामूहिक दोषारोप नाकारला.

येथे आपल्याकडील एक संदर्भ द्यायला हवा. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत हिब्रू व्याकरणाचे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले आणि मिशनच्या शाळांत बेने इस्रायली, म्हणजे मराठी भाषक ज्यू समाजाची, मुले हिब्रू शिकली. हेतू धर्मप्रसाराचा होता. बेने इस्रायलांनी विद्या घेतली आणि धर्म बहुतांशी आपलाच राखला. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याची आशा बाळगून एकत्र शिकता येते, परंतु त्या आशेसह एका छताखाली उपासना करता येईल असे मला वाटत नाही.

मिशिगनमधील ॲन आर्बर येथील व्यवस्था मला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. तेथे सेंट क्लेअर हे एपिस्कोपल चर्च आणि टेंपल बेथ एमेथ ही सुधारणावादी ज्यू मंडळी १९७० च्या दशकापासून एकत्र नांदत आहेत. त्यांनी जेनेसिस नावाची सामाईक संस्था काढून वास्तूची मालकी आणि व्यवस्था तिच्याकडे दिली. त्यामुळे गळक्या छताचा खर्च निघाला की कोणी कोणाचा पाहुणा राहत नाही. दोघेही एकाच बैठकीत, एकाच हिशोबासमोर बसतात. याउलट न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये १९५४ साली रब्बी आयर्विंग ब्लॉक आणि पाद्री जेसी स्टिट यांच्या स्नेहातून ब्रदरहूड सिनेगॉग आणि एक प्रेसबिटेरियन चर्च एकाच वास्तूत आले. तो प्रयोग सुमारे दोन दशके चालला, आणि नंतर सिनेगॉग ग्रॅमर्सी पार्कजवळील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या जुन्या सभागृहात गेले. दोन दशके थोडी नव्हेत.

अलीकडे नेब्रास्कातील ओमाहा शहरात तिसरा मार्ग निवडला गेला. तेथे सिनेगॉग २०१३ साली, मशीद २०१७ साली आणि चर्च २०१९ साली एकाच आवारात आले, परंतु तिन्ही इमारती वेगळ्या ठेवल्या गेल्या. मैदान आणि वाटा सामाईक आहेत. ज्यांच्याजवळ तेवढी जमीन आणि तेवढा पैसा आहे, त्यांनी हा मार्ग अवश्य घ्यावा. लहान मंडळींना मात्र ॲन आर्बरचाच विचार करावा लागेल, आणि त्यासाठी पहिली बैठक धर्मगुरूंची न होता दोन्हीकडच्या खजिनदारांची झाली तर बरे.