एकाच घरातला काचबिंदू

डोळ्याच्या आत दर मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर पाणी तयार होतं. तेवढंच पाणी बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर जावं लागतं. निचरा मंदावला की दाब वाढतो आणि डोळ्याच्या नसेतले दहा लाखांवर तंतू हळूहळू मरू लागतात. हाच काचबिंदू. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचं दिसेनासं होतं, समोरचं बराच काळ शाबूत राहतं.

रॉटरडॅममधल्या संशोधकांनी रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांचे डोळे प्रत्यक्ष तपासले. त्यांच्या हिशेबाने या नातेवाइकांना आयुष्यात काचबिंदू होण्याची शक्यता २२ टक्के, तर घरात काचबिंदू नसलेल्यांना २.३ टक्के.

१९९७ मध्ये मायोसिलिन हे जनुक सापडलं. त्यात बिघाड असला की सदोष प्रथिन जाळीच्या पेशींमध्येच अडकून पडतं आणि पेशी खचतात. पण मोठ्या वयातल्या शंभर रुग्णांत असे जेमतेम तीन-चार. बाकीच्यांत शंभराहून अधिक जनुकीय फरकांपैकी अनेकांचा थोडा थोडा वाटा असतो. त्यामुळे एका भावाला चाळिशीत त्रास सुरू होतो आणि दुसऱ्याला कधीच होत नाही.

आता बाहेरची कारणं. सगळ्यांत जपायचं ते स्टेरॉइडला. डोळे लाल झाले, खाज सुटली, की घरात उरलेली बाटली शोधली जाते. लेबलवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल तर ती परस्पर वापरू नका. काही आठवड्यांतच दाब चढू शकतो, आणि काचबिंदू असलेल्या घरात तसं होण्याचा संभव जास्त. पापण्यांजवळ लावायचं स्टेरॉइडचं मलमही यातच आलं. स्टेरॉइड असलेला दम्याचा पंप मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगून दाब तपासत राहा. डोळ्याला जोराचा मार लागला असेल तर जाळीची इजा कित्येक वर्षांनीही दाब वाढवू शकते.

तपासणीत चूक होते ती फक्त दाब मोजून घरी परतण्याची. दाब २१ मिलिमीटर पाऱ्याच्या आत असूनही नस झिजू शकते. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ असेल तर यंत्र दाब कमी दाखवतं, आणि कॉर्नियाची जाडीही बरीचशी आनुवंशिकच. म्हणून जाडी मोजून घ्या, गोनिओस्कोपीने, म्हणजे खास भिंगातून, जाळी असते तो कोन पाहून घ्या, बाहुली मोठी करून नस तपासून घ्या. पेरिमेट्री, म्हणजे प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबून कडेची नजर मोजायची चाचणी, पहिल्यांदा बऱ्याचदा बिघडते, कारण बटण नेमकं कधी दाबायचं हे अंगवळणी पडलेलं नसतं. तो अहवाल वाईट आला तर चाचणी पुन्हा करून घ्या.

सख्ख्या नातेवाइकांनी चाळिशीत पहिली तपासणी करावी. घरात कुणाला तरुणपणीच काचबिंदू झाला असेल तर त्याहून बरीच आधी.