सायकसचं पीठ आणि आतड्यातली विकरं

श्रोतेहो, नमस्कार. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका ओळखायला मलातल्या विकरांची, म्हणजे एन्झाइमची, क्रिया मोजावी असं शास्त्रज्ञांना का वाटलं? ते सांगायचं तर आधी पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर जायला हवं.

तिथले चामोरो लोक सायकसच्या बियांचं पीठ खात. सायकस म्हणजे आपल्याकडे बंगल्याच्या फाटकाशी लावतात तेच झाड. दारात जास्वंद, तगर सोडून हे टोकेरी वैभव कशाला हवं, मला उमगत नाही. असो. बी विषारी, म्हणून ते लोक ती चिरून कित्येक दिवस भिजवत, पाणी बदलत, मग वाळवून दळत. बेटावर मज्जासंस्थेचा एक भयंकर आजार फार होता आणि संशय या पिठावर आला. अमेरिकेत गर्ट लाकेर यांनी उंदरांना सायकसचं पीठ चारलं. 1963 साली निष्कर्ष छापून आला. शोधत होते नसांचा आजार, सापडल्या गाठी! यकृतात, मूत्रपिंडात आणि आतड्यातही.

त्यातलं विष सायकॅसिन. खरी गंमत पुढेच आहे. तेच सायकॅसिन जंतुरहित वाढवलेल्या उंदरांना दिलं, तर त्यांना काहीच झालं नाही! पोटात गेलं तसंच बाहेर पडलं. उंदीर तसलेच, विष तेच, फरक आतड्यातल्या जिवाणूंचा. पुन्हा सांगतो, फक्त जिवाणूंचा. सायकॅसिनमध्ये विषाला साखर जोडलेली असते. जिवाणूंचं विकर ती तोडतं आणि विष मोकळं होतं. हे मोकळं विषच दिलं, तेव्हा जंतुरहित उंदरांनाही गाठी झाल्या.

आपलं यकृतही नको ते पदार्थ असेच बांधून पित्तावाटे आतड्यात धाडतं. तिथल्या जिवाणूंचं बीटा-ग्लुकुरॉनिडेज ती गाठोडी सोडतं. बोस्टनच्या गोल्डिन आणि गोरबाख यांनी हे विकर माणसांच्या मलात मोजलं. त्यांच्या 1984च्या अभ्यासात लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्यात असतात तसले जिवाणू, घातलेलं दूध घेणाऱ्यांमध्ये त्याची क्रिया उतरली आणि दूध थांबवल्यावर महिन्याभरात पुन्हा चढली. या भांडवलावर असल्या जिवाणूंच्या महागड्या बाटल्या विकणाऱ्यांनी निदान ही पुन्हा चढल्याची गोष्टही छापावी.

खाण्यापिण्याने हलणारा आकडा, म्हणून ही खूण अजून संशोधनातच आहे. विकर वाढलं म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. नव्हेच. तपासणी करायची ती मलातल्या न दिसणाऱ्या रक्ताची, आणि गरज पडल्यास दुर्बिणीने. रक्त डोळ्यांना दिसलं, तर मूळव्याध समजून मलम लावत बसू नका. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगा.